वाचकांचे प्रश्न : बुडी मारल्यावर हृदय मंदावते, हे प्रथम कोणाच्या लक्षात आले?

मागील अंकात सील हा प्राणी श्वास रोखून पाण्याखाली अर्धा-पाऊण तास कसा राहू शकतो, याविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. माणसातही तशीच, परंतु सौम्य स्वरूपाची प्रतिक्षिप्त क्रिया असते, असे त्याच्या शेवटच्या वाक्यात म्हटले होते. त्या एका वाक्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्याकडे मुलांना विहिरीतच पोहायला शिकवतात. पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून मुलाला पाण्यात सोडायचे, आणि दोन उन्हाळ्यांत ते सूर मारून तळाचा गाळ मुठीत घेऊन वर येऊ लागते. वर आल्यावर छाती किती धडधडते, हे आम्ही सर्वांनी अनुभवले आहे. मग पाण्याखाली हृदय मंदावते, हे खरे कसे मानायचे? हे शोधून काढले कोणी, आणि ते तपासले कोणत्या माणसांवर?
— एक शेतकरी वाचक, लिंब, जि. सातारा

उत्तर : आपला अनुभवही खरा आहे आणि टिपणातले विधानही खरे आहे; फक्त दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळी घडतात. छाती धडधडते ती तोंड पाण्याबाहेर आल्यावर, आणि ठोके मंदावतात ते त्याआधी, चेहरा पाण्यात असताना. तळाकडे निघालेला मुलगा स्वतःची नाडी मोजत नाही, काठावर उभ्या असलेल्याला ती कळण्याचा मार्ग नाही, आणि वर आल्यानंतर पहिल्या काही श्वासांतच ती पुन्हा वेग घेते. त्यामुळे मोती, शिंपले आणि स्पंज काढण्यासाठी माणसे हजारो वर्षे समुद्राच्या तळाशी जात असूनही या क्रियेचा पत्ता पाणबुड्यांकडे पाहून लागला नाही. तो लागला प्राण्यांकडे पाहून, आणि माणसाची पाळी सर्वांत शेवटी आली.

या विषयातील सर्वांत जुनी म्हणून आज दाखवली जाणारी नोंद अठराव्या शतकातील आहे. बुडालेल्या माणसाला पुन्हा शुद्धीवर आणता येईल का, हा प्रश्न त्या काळी युरोपातील वैद्यांपुढे होता आणि बुडालेल्यांच्या बचावासाठी लंडनमध्ये १७७४ साली एक संस्थाही स्थापन झाली होती. एडमंड गुडविन या इंग्रज वैद्याने १७८६ मध्ये एडिनबरा येथे बुडून येणाऱ्या मृत्यूविषयी लॅटिन भाषेत प्रबंध सादर केला आणि दोन वर्षांनी तो इंग्रजीत प्रसिद्ध केला. पाण्यात बुडवलेल्या प्राण्याच्या हृदयाचे ठोके मंद होत जातात, हे त्यांनी पाहिले होते. मात्र त्यांचा सारा रोख मृत्यू का येतो याकडे होता, आणि मृत्यूकडे निघालेल्या प्राण्याचे हृदय मंदावले तर त्यात नवल ते काय, असेच कोणालाही वाटले असते. हे मंदावणे मरणाचे लक्षण नसून जगण्याची तजवीज असू शकते, हा विचार त्या प्रबंधात नाही. त्यामुळे ती नोंद दीर्घ काळ दुर्लक्षित राहिली आणि अलीकडे शरीरक्रियाशास्त्राच्या अभ्यासकांनी तिच्याकडे पुन्हा लक्ष वेधले.

दरम्यान श्रेय मिळत आले ते फ्रान्सच्या पॉल बेर यांना. त्यांची श्वसनावरील व्याख्याने १८७० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि त्यांत बदक पाण्यात बुडवल्यावर त्याच्या हृदयाचे ठोके झपाट्याने कमी होतात, असे निरीक्षण दिलेले आहे. बदक कोंबडीपेक्षा पाण्याखाली जास्त वेळ तग धरते याचे कारण बेर यांनी बदकाच्या अंगातील रक्ताच्या अधिक साठ्यात शोधले. रक्त जास्त म्हणजे प्राणवायूही जास्त, हे उत्तर पटण्यासारखे होते, पण पुरेसे नव्हते.

ते पुरेसे नाही हे दाखवण्याचे काम शार्ल रिशे यांनी १८९० च्या दशकात केले. रिशे यांना पुढे १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, परंतु ते अ‍ॅलर्जीशी निगडित असलेल्या वेगळ्याच संशोधनासाठी. त्यांनी काही बदकांच्या श्वासनलिका बांधल्या. त्यांतील काही हवेत ठेवली आणि काही पाण्यात बुडवली. हवा दोन्ही गटांना मिळत नव्हती, रक्तही दोघांचे सारखेच होते, तरीसुद्धा पाण्यातील बदके हवेतील बदकांपेक्षा कितीतरी जास्त वेळ जिवंत राहिली. याचा अर्थ असा, की पाण्याच्या स्पर्शानेच शरीरात असे काही सुरू होते ज्यामुळे असलेला प्राणवायू अधिक काळ पुरतो. हृदयाला मंदावण्याचा आदेश नेणाऱ्या चेतेचे काम अ‍ॅट्रोपिन या औषधाने रोखले, की बदकाचा हा लाभ हिरावला जातो, हेही त्यांनी दाखवले. आजच्या कोणत्याही नैतिक समितीने अशा प्रयोगाला परवानगी दिली नसती, आणि ते योग्यच झाले असते. पण एका प्रश्नाचे एकच उत्तर निघावे अशी प्रयोगाची मांडणी कशी करावी, याचा तो आजही उत्तम नमुना आहे.

यानंतरची महत्त्वाची पावले विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अमेरिकेत पडली. स्वार्थमोर येथील महाविद्यालयात लॉरेन्स आयर्विंग हे बीव्हर, मस्करॅट अशा बुडी मारणाऱ्या प्राण्यांवर काम करत होते. श्वास थांबला की स्नायूंकडील रक्तप्रवाह घटतो आणि मेंदूचा मात्र टिकून राहतो, असे त्यांच्या मोजमापांतून दिसू लागले. त्याच सुमारास पेर शोलांडर या तरुणाने नॉर्वेत सीलवर प्रयोग सुरू केले होते. या गृहस्थांचा पूर्वेतिहास मोठा गमतीचा आहे. त्यांनी ओस्लो येथे वैद्यकाची पदवी घेतली होती, पण डॉक्टरेट मिळवली ती वनस्पतिशास्त्रात; त्यासाठी ग्रीनलंड आणि स्वालबार्डच्या मोहिमांवर गेलेले असताना त्यांचे लक्ष बर्फाच्या कडेला बुड्या मारणाऱ्या सीलकडे गेले. कोपनहेगनचे नोबेल विजेते ऑगस्ट क्रोग यांच्या प्रोत्साहनाने ते १९३९ मध्ये आयर्विंग यांच्याकडे दाखल झाले.

शोलांडर यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेले काम आणि नंतर दोघांनी मिळून केलेले प्रयोग यांतून जो पुरावा पुढे आला, तो माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत देखणा भाग आहे. स्नायूंना प्राणवायू न मिळता काम करावे लागले, की त्यांत लॅक्टिक आम्ल साठते आणि रक्ताबरोबर ते शरीरभर पसरते. सील पाण्याखाली असताना त्याच्या रक्ताचे नमुने तपासले तर हे आम्ल फारसे वाढलेले आढळत नसे. सील वर येऊन श्वास घेऊ लागला, की मात्र त्याचा एकदम लोंढा रक्तात येई. आम्ल तयार होत होते, पण स्नायूंतच अडकून पडले होते, म्हणजेच बुडीच्या काळात स्नायूंकडे रक्त जवळजवळ जातच नव्हते. हृदयाचे मंदावणे हा त्यामुळे स्वतंत्र चमत्कार उरला नाही. उन्हाळ्यात पाटाचे पाणी अपुरे पडले, की दारे धरणारा माणूस कडेच्या वाफ्यांची दारे बंद करून असलेले पाणी मुख्य पिकाला देतो, त्याप्रमाणे शरीर हातपाय, त्वचा आणि आतडी यांच्या रक्तवाहिन्या आवळून मेंदू आणि हृदय यांना रक्त राखून ठेवते. प्रवाहाचे क्षेत्र असे आक्रसल्यावर हृदयाने पूर्वीच्या वेगाने धडकत राहण्याची गरजच उरत नाही. तसे ते धडकत राहिले, तर रक्तदाब भलताच वाढेल.

आता आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग, म्हणजे माणूस. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधील टॉरेस सामुद्रधुनीत स्थानिक पाणबुडे मोत्यांच्या शिंपल्यांसाठी बुड्या मारत असत. शोलांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पाणबुड्यांवर केलेल्या मोजमापांचा लेख १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. बुडीत असतानाच हृदयाचा आलेख घेतला गेला आणि रक्तही तपासले गेले. सीलमध्ये दिसलेला क्रमच येथे पुन्हा दिसला : पाण्याखाली ठोके मंदावले, कधी अनियमितही झाले, आणि लॅक्टिक आम्ल रक्तात उसळले ते वर आल्यानंतर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील ला होया येथे साध्या स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्षही आले, आणि पाण्याखाली हालचाल करणाऱ्या, कष्ट घेणाऱ्या माणसाचे हृदयसुद्धा मंदावते, हे स्पष्ट झाले. पुढे सुक की हाँग आणि हेरमान रान यांनी कोरिया आणि जपानच्या किनाऱ्यावर शिंपले व समुद्रशैवाल काढणाऱ्या स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. त्यामुळे हा विषय प्रयोगशाळेतून बाहेर पडून रोज पाण्यात उतरून पोट भरणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचला.

शोलांडर यांच्या सहकाऱ्यांनी याच काळात माशांवरही एक प्रयोग केला. मासा पाण्याबाहेर काढला, की त्याच्याही हृदयाचे ठोके मंदावतात. त्याला गुदमरवणारी जागा हवेची आहे, एवढाच फरक.

एक सावधगिरी येथे नोंदवणे आवश्यक वाटते. सीलवरील जुने प्रयोग फळीला बांधलेल्या आणि बळजबरीने बुडवलेल्या प्राण्यांवर झाले होते. त्या बिचाऱ्या प्राण्याला पुन्हा श्वास केव्हा घेता येईल याची कल्पना नसे, आणि म्हणून तो काटकसरीची पराकाष्ठा करी. १९६५ च्या सुमारास रॉबर्ट एल्सनर यांनी शिकवलेल्या, स्वतःहून तोंड पाण्यात घालणाऱ्या सीलशी तुलना केली, आणि जेराल्ड कूमन यांनी अंटार्क्टिकामधील वेडेल सीलच्या मोकळ्या बुड्या वर्षानुवर्षे मोजल्या. बहुतेक नैसर्गिक बुड्या वीस-पंचवीस मिनिटांच्या आत संपतात आणि त्यांत लॅक्टिक आम्ल मुळी साठतच नाही, असे त्यातून दिसले. प्रतिक्षिप्त क्रिया खोटी ठरली नाही. तिची तीव्रता प्राणी काय अपेक्षितो यावरही अवलंबून असते, एवढी दुरुस्ती झाली. माणसावरील जुने आकडे वाचतानाही हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि सकाळी कृष्णेच्या घाटावर पोहायला जाते. व्यायाम केला की नाडी वाढते, असे आम्ही मुलींना शिकवतो. पाण्याखाली हातपाय मारत असतानाही ती कमी होत असेल, तर शरीर कोणाचे ऐकते? हे वर्गात दाखवता येईल का?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : शरीर दोन्ही आदेश ऐकते, पण चेहरा पाण्यात आणि श्वास रोखलेला असेल तर दुसऱ्याचे पारडे जड ठरते. डेन्मार्कमधील एरिक आस्मुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६८ मध्ये व्यायाम करत असलेल्या माणसांवर नेमके हेच तपासले. कष्टाने वाढलेली नाडीही बुडीच्या स्थितीत खाली आली.

या क्रियेला सुरुवात होते ती चेहऱ्यावर, विशेषतः कपाळ, डोळ्यांभोवतीचा भाग आणि नाक येथे. या भागांतील संवेदना ट्रायजेमिनल नावाची चेता मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छाकडे नेते. तेथून दोन आदेश निघतात. एक व्हेगस या चेतेतून हृदयाकडे जातो आणि ठोके कमी करतो. दुसरा अनुकंपी चेतासंस्थेतून हातापायांच्या रक्तवाहिन्यांकडे जातो आणि त्या आवळतो. चेहरा कोरडा ठेवून गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहिले, तर ही क्रिया अशी घडत नाही. चेहरा पाण्यात, पण नळीतून श्वास चालू, अशी स्थिती असेल तर परिणाम फार क्षीण दिसतो. नुसता श्वास रोखल्यानेही ठोके थोडे उतरतात. श्वास रोखणे आणि गार पाणी या दोहोंचा मेळ बसला, की परिणाम पूर्ण दिसतो. सर्वसाधारण माणसात ठोके साधारण दहा ते पंचवीस टक्क्यांनी कमी होतात, म्हणजे मिनिटाला ७२ असतील तर ५५ ते ६५ च्या आसपास येतात. कसलेल्या बुडीपटूंमध्ये ते मिनिटाला ३० च्याही खाली गेल्याच्या नोंदी आहेत.

पाणी किती गार हवे, हा प्रश्न आपल्या भागात महत्त्वाचा आहे, कारण कृष्णेचे पाणी काही बर्फाळ नसते. एरिका शागाटाय आणि बोरिस होल्म यांनी १९९६ मध्ये दाखवले, की केवळ पाण्याचे तापमान पाहून चालत नाही. भोवतालची हवा किती उष्ण आहे, यावरही परिणाम ठरतो. उष्ण हवेतून मध्यम गार पाण्यात चेहरा गेला, तरी प्रतिसाद चांगला मिळतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तापलेल्या माणसाला विहिरीचे साधे पाणीही त्यामुळे पुरेसे ठरते.

वर्गात हे दाखवणे शक्य आहे आणि त्यासाठी नदीवर जाण्याची गरज नाही. मेजावर मोठे घमेले किंवा परात ठेवून त्यात माठातले गार पाणी भरावे. मुलगी खुर्चीवर बसलेली असावी आणि तिच्या मनगटाची नाडी दुसऱ्या मुलीने धरावी, कारण स्वतःची नाडी स्वतः मोजण्याच्या नादात श्वास आणि आकडे दोन्ही बिघडतात. आधी काही मिनिटे शांत बसवून नाडी घ्यावी. मग हवेतच श्वास रोखून घ्यावी. त्यानंतर पुरेसा विसावा देऊन, कपाळ आणि डोळे बुडतील अशा बेताने चेहरा पाण्यात ठेवून घ्यावी. पहिल्या काही सेकंदांत उलट नाडी थोडी वाढलेली भासेल, कारण वाकण्याची हालचाल आणि पाण्याचा धसका दोन्ही असतात. उतार दिसतो तो दहा सेकंदांनंतर, म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये. वीस-पंचवीस सेकंद पुरतात. चढाओढ लावू नये, पाण्यात बर्फ टाकू नये, आणि हृदयविकार, दमा, फिट येणे किंवा चक्कर येणे अशी तक्रार असलेल्या मुलींना यात घेऊ नये. सर्व मुलींचे आकडे फळ्यावर मांडले, तर आणखी एक गोष्ट दिसेल : काहींचे ठोके ठळकपणे उतरतील आणि काहींचे जवळजवळ हलणारही नाहीत. तो प्रयोगाचा दोष नव्हे. माणसामाणसांत हा फरक खरोखरच मोठा आहे.

प्रश्न : विहिरीत जास्त वेळ बुडी टिकवायची असेल, तर आधी भराभर दहा-वीस दीर्घ श्वास घ्यावेत, असे आमच्याकडची जाणती पोरे नवशिक्यांना सांगतात. त्याने खरोखर दम वाढतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया असल्यामुळे त्यात धोका नाही, असे समजावे का? सरावाने ही क्रिया वाढते का?
— एक वाचक, तासगाव, जि. सांगली

उत्तर : असे मुळीच समजू नये, आणि या पत्राला उत्तर देण्यासाठीच हा विषय घेतला असे म्हटले तरी चालेल. भराभर श्वास घेतल्याने रक्तातील प्राणवायू फारसा वाढत नाही, कारण निरोगी माणसाचे रक्त साध्या श्वासावरही जवळजवळ पूर्ण भरलेले असते. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. श्वास घेतलाच पाहिजे, अशी जी अनावर ऊर्मी येते, ती मुख्यतः या वायूच्या वाढीमुळे येते; प्राणवायू संपत आल्याची सूचना शरीर त्या मानाने फार उशिरा आणि अस्पष्ट देते. त्यामुळे भराभर श्वास घेऊन बुडी मारणाऱ्याला दम वाढल्यासारखा वाटतो खरा, पण वाढलेला असतो तो केवळ सूचना येण्याआधीचा वेळ. प्राणवायू आपल्या गतीने संपतच असतो. सूचना येण्यापूर्वीच मेंदूचा प्राणवायू अपुरा पडला, तर माणूस कोणतीही धडपड न करता, शांतपणे बेशुद्ध होतो, आणि काठावर बसलेल्यांना तो अजून बुडीच मारतो आहे असे वाटत राहते. अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ मध्येच पोहणाऱ्यांमधील अशा बेशुद्धीचे स्पष्टीकरण मांडले होते.

खोल विहिरीत याला आणखी एक कारण जोडले जाते. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो, आणि त्यामुळे तळाशी असताना छातीतील प्राणवायू दाबाखाली असल्याने रक्तात सहज शिरतो. पाच-सहा परस खोल विहिरीच्या तळावरून वर येताना हा दाब भराभर कमी होतो, आणि तळाशी पुरेसा वाटणारा प्राणवायू पृष्ठभागाजवळ एकाएकी अपुरा ठरतो. बेशुद्धी म्हणूनच पुष्कळदा वर येता येता, पाण्याबाहेर तोंड निघायला थोडेसेच अंतर उरले असताना गाठते. हृदय मंदावल्याने खर्च कमी होतो हे खरे, पण खर्च कमी झाल्याने शिल्लक वाढत नाही.

सरावाविषयी सांगायचे तर, नियमित बुड्या मारणाऱ्यांमध्ये ठोके अधिक उतरतात असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. दुसरा बदल आपल्या पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, घडतो. ती लाल रक्तपेशींचा एक राखीव साठा बाळगते आणि बुडीच्या वेळी आकसून तो रक्तात सोडते. कोरियाच्या पाणबुड्या स्त्रियांवर १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वारंवार बुड्या मारल्यानंतर त्यांची पाणथरी सुमारे एक-पंचमांशाने लहान झालेली आढळली. इंडोनेशियातील बाजाउ हे लोक पिढ्यान्‌पिढ्या बुडी मारून मासे पकडतात. शेजारच्या, शेती करणाऱ्या सालुआन लोकांच्या तुलनेत त्यांची पाणथरी सुमारे निम्म्याने मोठी असते, असे २०१८ मध्ये मेलिसा इलार्डो आणि सहकाऱ्यांनी दाखवले. ही वाढ बुडी न मारणाऱ्या बाजाउ व्यक्तींतही दिसली आणि एका विशिष्ट जनुकाशी तिचा संबंध आढळला. म्हणजे ती केवळ सरावाची कमाई नव्हे. दोन उन्हाळ्यांच्या पोहण्याने असे काही हाती लागेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न : थंड देशांत बर्फाच्या पाण्यात तासभर बुडालेले मूल जिवंत राहिल्याचे वाचले. हे याच क्रियेमुळे घडले का?
— एक वाचक, वाई, जि. सातारा

उत्तर : अशी नोंद आहे. अमेरिकेतील युटा राज्यात १९८६ मध्ये अडीच वर्षांची एक मुलगी बर्फाळ ओढ्यात ६६ मिनिटे बुडून राहिली आणि रुग्णालयातील उपचारांनंतर बरी झाली; वैद्यकीय नियतकालिकात १९८८ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली. तिच्या शरीराचे आतील तापमान १९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. इतक्या थंडीत मेंदूची प्राणवायूची गरजच फार कमी होते, आणि लहान मुलाचे अंग मोठ्याच्या मानाने लवकर गार होते. हृदय मंदावण्याचा त्यात सुरुवातीला हातभार लागला असणे शक्य आहे, परंतु मुख्य श्रेय थंडीचे. आपल्याकडील धोम धरणाच्या किंवा नदीच्या पाण्याला हा हिशेब लागू होत नाही. शिवाय अतिशय गार पाण्यात अचानक पडणाऱ्या प्रौढ माणसाच्या बाबतीत हीच क्रिया उलटीही पडू शकते : अंगावरील थंडीच्या धसक्याने हृदयाला पळण्याचा आदेश मिळतो, चेहऱ्यावरील पाण्याने मंदावण्याचा, आणि या ओढाताणीत ठोके अनियमित होतात. काही आकस्मिक मृत्यूंच्या मागे हे कारण असावे, असे मायकेल शॅटॉक आणि माइक टिप्टन यांनी २०१२ मध्ये मांडले.

प्रश्न : माझ्या नातवाचे हृदय अचानक फार वेगाने धडधडू लागले, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या चेहऱ्यावर काही क्षण बर्फाची पिशवी ठेवली आणि ठोके पूर्ववत झाले. ही तीच क्रिया म्हणायची का?
— एक आजी, मिरज

उत्तर : होय, तीच. हृदयाच्या वरच्या कप्प्यांशी निगडित असलेल्या काही विकारांत विजेचा संदेश एका चक्रात सापडतो आणि ठोके बेसुमार वाढतात. व्हेगस चेतेचा आदेश त्या चक्रातील एका दुव्यावर, म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधील गाठीवर, संदेशाचा वेग रोखतो आणि चक्र तुटते. हे उपचार म्हणून वापरता येते, असे केर्न वाइल्डेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडले. त्यांनी रुग्णांचे चेहरे गार पाण्यात बुडवले होते. तान्ह्या बाळांत ही प्रतिक्षिप्त क्रिया मोठ्यांपेक्षा तीव्र असते, आणि त्यांना श्वास रोखायला किंवा जोर करायला सांगणे शक्य नसते. म्हणून त्यांच्यासाठी चेहऱ्यावर बर्फाची पिशवी हा मार्ग टिकून राहिला. ती ठेवताना नाक-तोंड झाकले जाऊ नये आणि डोळ्यांच्या बुबुळांवर दाब पडू नये, याची काळजी डॉक्टर घेतात, आणि शक्यतो हृदयाचा आलेख चालू ठेवूनच हे करतात. पुन्हा असा त्रास झाला, तर घरी बर्फ शोधण्यात वेळ न घालवता बाळाला थेट रुग्णालयात न्यावे, कारण वाढलेले प्रत्येक ठोके याच विकाराचे असतात असे नाही, आणि आलेखाशिवाय ते ओळखता येत नाही.